रस्टडेस्क: लातूर जिल्ह्यातील शाखांवर आठ महिन्यांच्या वापरानंतर

लातूरच्या आडत बाजारात मुख्य पेढी, औद्योगिक वसाहतीत डाळ मिल आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा येथे खरेदी केंद्रे असा आमचा व्याप असून या सर्व ठिकाणच्या ३४ संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. पूर्वी आम्ही वैयक्तिक वापरासाठी मोफत असलेले एक दूरस्थ मदतीचे (दूरचा संगणक आपल्या जागेवरून हाताळू देणारे) सॉफ्टवेअर व्यवसायात वापरत होतो. ते नियमाला धरून नव्हते, त्यामुळे ऐन कामात जोडणी तुटू लागली तेव्हा तक्रार करायला आम्हाला तोंड नव्हते. सशुल्क पर्यायांचे दर पाहिल्यानंतर आम्ही त्याच कामासाठीचे रस्टडेस्क निवडले. ते मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे), एजीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते आणि त्याचा सर्व्हर आपला आपल्याला चालवता येतो. माझ्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दाच निर्णायक ठरला.

सर्व्हरचे दोन भाग आहेत. एचबीबीएस हा भाग प्रत्येक संगणकाचा क्रमांक नोंदवून दोन संगणकांची गाठ घालून देतो, आणि दोघांची थेट जोडणी होऊ शकली नाही तर एचबीबीआर हा भाग मध्ये राहून माहिती पुढे पोहोचवतो. पेढीतील जुन्या संगणकावर हे चालवण्याचा विचार मी वीजपुरवठ्यामुळे सोडला आणि महिन्याला हजार रुपयांच्या आत बसणारा एक छोटा भाड्याचा लिनक्स सर्व्हर घेतला. तेथे डॉकरच्या (प्रोग्रॅम तयार पेटीत बांधून चालवणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने दोन्ही भाग तासाभरात सुरू झाले, परंतु एकही संगणक नोंदला जाईना. मी फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या संरक्षक भिंतीत) २१११५ ते २१११७ हे टीसीपी पोर्ट (माहितीच्या ये-जा करण्याच्या क्रमांकित वाटा) उघडले होते, मात्र २१११६ हा पोर्ट यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीसाठीही उघडावा लागतो हे माझ्याकडून सुटले होते. क्रमांकाची नोंदणी त्याच वाटेने होते. नव्याने बसवणाऱ्यांनी आधी हेच तपासावे. सर्व्हर सुरू होताच तयार होणाऱ्या किल्लीच्या (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक मजकुराच्या) दोन्ही फायलींची प्रत अन्यत्र जपून ठेवावी, कारण त्या गेल्या तर नवी किल्ली प्रत्येक संगणकावर पुन्हा भरत बसावे लागते.

आमच्याकडे डोमेन (सर्व संगणकांचे एका जागेवरून नियंत्रण करणारी विंडोजची व्यवस्था) नाही, सगळे संगणक वर्कग्रुपमध्ये (म्हणजे सुटे सुटे) आहेत, त्यामुळे डोमेनमधील ग्रुप पॉलिसीने एका जागेवरून सॉफ्टवेअर पाठवण्याची सोय नव्हती. मी एक बॅच फाइल (आज्ञा ओळीने आपोआप चालवणारी फाइल) तयार केली, जी काहीही न विचारता सॉफ्टवेअर बसवते आणि आमच्या सर्व्हरचा पत्ता व किल्ली भरते. ती पेनड्राइव्हवर घेऊन आठवडाभरात सर्व केंद्रे फिरलो. दर संगणकाला सहा-सात मिनिटे लागली. दोन ठिकाणी अँटिव्हायरसने हरकत घेतली, तेथे अपवाद नोंदवावा लागला.

या फिरण्याचे महत्त्व सोयाबीनच्या हंगामात कळले. ऑक्टोबरमध्ये उदगीरहून वजनकाट्यावरील मामांचा फोन आला: "सर, काट्यावर आकडा दिसायलाय, पण कॉम्प्युटरवर येईना. बाहेर ट्रॅक्टरची लाइन लागलीय." मी लातूरहून स्क्रीन उघडून पाहिली. साफसफाई करताना काट्याची यूएसबी वायर दुसऱ्या खाचेत लावली गेली होती आणि विंडोजने तिला कॉम ३ ऐवजी कॉम ५ हा पोर्ट (येथे उपकरणाच्या जोडणीचा क्रमांक) दिला होता, तर वजनाचे सॉफ्टवेअर अजूनही कॉम ३ वरच आकड्याची वाट पाहत होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील उपकरणांच्या यादीत) पोर्ट बदलण्यासाठी प्रशासकाची परवानगी लागते. रस्टडेस्क केवळ उघडून चालवले असते, तर परवानगीच्या त्या चौकटीपुढे माझा माऊस चालला नसता. ते रीतसर बसवलेले व सेवा म्हणून (पार्श्वभूमीत सतत) चालू असल्यामुळे ती चौकटही मला हाताळता आली. नऊ मिनिटांत पावती छापली गेली. एरवी मला पासष्ट-सत्तर किलोमीटर जावे लागले असते आणि तोपर्यंत शेतकरी रस्त्यावर ताटकळले असते.

वेगाबाबत माझे मत संमिश्र आहे. ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी काम समोर बसल्यासारखे होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या औशाच्या केंद्राशी मात्र थेट जोडणी क्वचितच होते, बहुतेक वेळा माहिती सर्व्हरमार्गे येते आणि माऊस मागे रेंगाळतो. चित्राचा दर्जा कमी केल्यावर, तसेच जुन्या प्रोसेसरवर एव्ही१ ऐवजी व्हीपी८ ही चित्र आकुंचित करण्याची पद्धत निवडल्यावर ते सुसह्य होते. मराठी टंकलेखनासाठी कीबोर्डची मॅप पद्धत ठेवावी. तिच्यात कळेचे स्थान जसेच्या तसे पलीकडे जात असल्याने तेथील इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक नीट चालतो.

सुरक्षेविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने दूरनियंत्रणाच्या ॲपमार्फत यूपीआय खात्यांतून होणाऱ्या चोरीबद्दल बँकांना सावध केले होते, आणि आमच्या अकाउंटंट ताईंनी पहिल्याच दिवशी हीच भीती बोलून दाखवली. ती रास्त होती. म्हणून ज्या संगणकांवर टॅली आणि बँकेचे काम चालते, तेथे मी कायमचा पासवर्ड ठेवलेला नाही. समोरच्या व्यक्तीने 'स्वीकारा' असे दाबल्याशिवाय मला आत जाता येत नाही. कायमचा पासवर्ड केवळ काट्यांच्या संगणकांवर आहे आणि तोही प्रत्येक ठिकाणी वेगळा. फोन मीच केला आहे याची खात्री झाल्याशिवाय काहीही स्वीकारायचे नाही, हे मी प्रत्येक केंद्रावर स्वतः सांगितले. ज्याच्या संगणकात आपण शिरतो त्याला ते कळले पाहिजे आणि नको म्हणता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मोफत सर्व्हरमधील मोठी उणीव म्हणजे कोण, केव्हा, कोणत्या संगणकावर गेले याची नोंद एका जागी पाहता येत नाही आणि सर्वांसाठी सामाईक पत्तावहीही मिळत नाही. सध्या ३४ क्रमांक एका एक्सेल फाइलमध्ये असून प्रत्येक जोडणीची वेळ व कारण मी वहीत लिहितो. मी एकटा आहे तोवर हे चालेल. पाडव्यापासून माझ्या मदतीला एक मुलगा येणार आहे, तेव्हा या दोन्ही सोयी असलेली सशुल्क आवृत्ती घेण्याचा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवला आहे.