पिस्तूल राउंड अडवतंय: मॅगझिन घ्यायचं, गोळ्या बदलायच्या की गनस्मिथ गाठायचा?

पॉइंट २२ (०.२२ इंची) टार्गेट पिस्तुलात राउंड, म्हणजे काडतुसं, अडकायला लागले की बहुतेक नेमबाज आधी गोळ्यांना दोष देतात आणि दुसऱ्या ब्रँडची पेटी आणतात. माझं मत वेगळं आहे. आधी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) साफ करा, मग मॅगझिन (काडतुसं भरून पिस्तुलात सरकवायचा खण) तपासा, त्यानंतर गोळ्या बदलून पाहा. गनस्मिथ, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, शेवटी, पण एका दोषासाठी मात्र थेट त्याच्याकडेच जावं.

पैसे खर्च करण्याआधी पिस्तूल अडतंय कुठे ते पाहा. नळी टार्गेटकडेच ठेवा, मॅगझिन काढा आणि मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) उघडा. चाप ओढून बार उडालाच नसेल, तर बोल्ट उघडण्याआधी अर्धा मिनिट थांबा. गोळीचं टोक चेंबरच्या तोंडाखाली आपटून थांबलं असेल, तर मॅगझिनवर संशय घ्या. रिकामी केस (गोळी सुटल्यावर उरलेलं काडतुसाचं कवच) बोल्टमध्ये उभी अडकली असेल, तर बोल्ट पुरेसा मागे गेलेला नाही. तिथे नवं मॅगझिन घेऊन काही होणार नाही. राउंड आत गेला पण बोल्ट शेवटपर्यंत मिटला नाही, तर चेंबर मळलाय. या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेण किंवा ग्रीस असतं. ते काजळीसकट चेंबरच्या कडेला साचतं, आणि टार्गेट पिस्तुलाचा चेंबर घट्ट असल्यामुळे पातळ थरही पुरतो. ब्रशने निघेल त्या मळासाठी नवी पेटी कशाला आणायची?

गोळ्यांआधी मॅगझिन तपासायचं कारण साधं आहे: तिथला दोष फुकटात सापडतो. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक टाका. जाम फक्त दोन नंबरचंच होत असेल, तर पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही दोषातून सुटल्या. पाचपैकी शेवटचाच राउंड खाली डोकं घालत असेल, तर स्प्रिंग थकली आहे, कारण शेवटच्या राउंडला ती सगळ्यात सैल असते. मॅगझिन काँक्रीटवर पडलं असेल, तर त्याचे ओठ (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत का बघा. भरताना वरच्या राउंडची रिम (केसच्या बुडाची कड) खालच्या रिमच्या पुढे बसायला हवी. मागे राहिली तर बोल्ट एकाला ढकलताना दोन्ही अडकतात. आपल्याकडे आयात केलेलं मॅगझिन स्वस्त नाही, पण ते वर्षानुवर्षं टिकतं. गोळ्यांची पेटी सरावात संपून जाते.

गोळ्या बदलणं खरं उपयोगी पडतं ते केस उभी अडकते तेव्हा. स्टँडर्ड व्हेलॉसिटी राउंड सेकंदाला सुमारे ३३० मीटरने सुटतो, हाय व्हेलॉसिटी ३७०च्या पुढे. बऱ्याच टार्गेट पिस्तुलांच्या स्प्रिंगा पहिल्या प्रकारासाठी बेतलेल्या असतात. जोरदार राउंडने अडचण लपते, पण बोल्ट दणकून आपटत राहतो आणि त्याची झीज पिस्तूल सोसतं. त्यापेक्षा स्टँडर्डमध्येच दुसरा ब्रँड घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला: तेच मॅगझिन, तीच पकड, फक्त गोळ्या वेगळ्या. मनगट सैल पडत असेल तरी केस अशीच उभी राहते, म्हणून एकदा कोचला पिस्तूल धरायला द्या.

गनस्मिथचा रस्ता सगळ्यात लांबचा. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना लागतो, सुटे भाग बहुधा बाहेरून येतात आणि तोवर पिस्तूल तुमच्या हातात नसतं. तरीही चेंबरच्या कडेला फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या पिनेचा) खळगा दिसला, तर बाकी सगळं सोडून तिकडेच जा. अशा रिमफायर (रिमवर ठोका बसून बार उडणाऱ्या) पिस्तुलात रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिलं की पिन कडेवर आपटून काठ उचलू शकते, आणि तो काठ राउंडला आत जाऊ देत नाही. फीड रॅम्प (राउंडला चेंबरकडे नेणारा उतार) घरी पॉलिश पेपरने घासायचा तर विचारही करू नका. घासून गेलेला धातू परत येत नाही.

हे सगळं सरावातच निस्तरायला हवं. नेमबाज विजय कुमारने २०१२ला लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्य जिंकलं त्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात शेवटच्या मालिकांत पाच शॉट्सना चार सेकंद मिळतात. स्पर्धेत राउंड अडला तर पिस्तूल टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करा. रेंज ऑफिसर येण्याआधी बोल्टला हात लावलात, तर ते मालफंक्शन (पिस्तुलातला बिघाड) ग्राह्य धरलं जात नाही.

गनस्मिथकडे जाताना जाम झालेल्या केसेस, क्रमांक टाकलेली सगळी मॅगझिन्स आणि कितव्या राउंडला अडलं त्याची नोंद बरोबर न्या. केसवरच्या खुणा पाहून त्याचं निम्मं काम होतं.