पश्चिमेचा हॉल आणि 65 इंची मिनी एलईडी टीव्ही : चार महिने वापरून

आमचा फ्लॅट नाशिकला पाथर्डी फाट्याला, पाचवा मजला, हॉलला पश्चिमेची मोठी बाल्कनी. समोर पांडवलेणीचा डोंगर दिसतो, फ्लॅट घेताना त्या डोंगरावरच भाळलो होतो खरं तर. पण बिल्डरने टीव्हीचा पॉइंट दिलाय बरोबर बाल्कनीसमोरच्या भिंतीवर, त्यामुळे दुपारी तीननंतर डोंगर बाल्कनीतूनही दिसायचा आणि टीव्हीतही. बाबा जुन्या 43 इंचीवर मॅच बघायचे म्हणजे अर्धी मॅच ऐकायचेच, बॉल कुठे गेला ते कॉमेंटेटर सांगेल तेव्हा कळायचं. पडदे लावले तर पंखा, लाइट, घाम, आणि वर आई म्हणणार भर दिवसा काय काळोख करून बसलात.

गेल्या दिवाळीला ठरवलं की आता मोठाच घ्यायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला होता, म्हणजे लाखाचा टीव्ही साधारण 92 हजारांवर येणार, तेवढंच निमित्त पुरलं. घरी भिंतीवर जुने पेपर चिकटवून माप बघितलं, 65 इंच म्हणजे साधारण 144 सेंमी रुंद आणि 81 सेंमी उंच. सोफा साडेआठ फुटांवर, बसतोय आरामात.

मग कॉलेज रोड आणि एम. जी. रोड मिळून तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे एकच तमाशा, सगळे टीव्ही व्हिव्हिड मोडवर, पोपट हिरवागार, मिरच्या लालभडक, आणि सेल्समन नुसता नीट्स नीट्स करतोय, म्हणजे स्क्रीन किती उजळ त्याचं माप. तिसऱ्या दुकानात मी म्हटलं दादा, हे चारही टीव्ही जरा बंद करा. तो बघतच राहिला. पण बंद केल्यावरच खरं कळलं ना राव. एकात आमचं सगळं ध्यान दिसत होतं, माझा चष्मा, बायकोची पर्स, मागची ट्यूबलाइट अगदी कडेसकट. मोबाइलचा टॉर्च खांद्याजवळ धरला तर तकतकीत स्क्रीनमध्ये टोकदार ठिपका, शेजारच्या मॅट स्क्रीनमध्ये नुसता फिकट धब्बा. मग मॅटच घ्यावा म्हणाल तर त्याचाही घोळ आहे, मॅट स्क्रीन उजेड पसरवते, त्यामुळे काचेसारखं रिफ्लेक्शन दिसत नाही पण भरपूर उजेडात काळा रंग राखाडी होतो. आम्ही मधला पकडला, तकतकीत पण वर चांगलं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असलेला.

ओलेडचा मोह सुटत नव्हता, म्हणजे ज्यात स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळा अगदी काळाकुट्ट दिसतो तो टीव्ही. महात्मानगरला मित्राकडे आहे, रात्री बघितला तर डोळ्याचं पारणं फिटतं. पण आमच्याकडे टीव्ही चालतो दुपारी, आणि ओलेड पूर्ण स्क्रीन उजळ झाली की आपणहून ब्राइटनेस खाली घेतो. पाटीवर लिहिलेला नीट्सचा मोठा आकडा बऱ्याचदा स्क्रीनच्या छोट्या तुकड्यापुरता असतो. मॅचमध्ये तर अख्खी स्क्रीन हिरवं मैदान आणि ऊन. म्हणून मिनी एलईडी घेतला, त्यात स्क्रीनच्या मागे बारीक बारीक एलईडी दिवे असतात आणि अख्खी स्क्रीन उजळ राहते. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरबुर आहे.

पहिली कुरबुर डिलिव्हरीची. खोकं लिफ्टमध्ये आडवं बसेना, उभं केलं तर दार बंद होईना, शेवटी दोन पोरांनी पाच मजले जिन्याने आणलं. त्यातला एक मधल्या लँडिंगवर ते आडवं निजवून दम खायला बसला, मी ओरडलोच, एवढ्या मोठ्या पॅनेलला आडवं ठेवलं की स्वतःच्याच वजनाने ताण येतो. इन्स्टॉलेशनवाला आज येतो उद्या येतो करत तिसऱ्या दिवशी उगवला आणि फुकटचा फिक्स ब्रॅकेट ठोकून गेला.

लावला आणि दुपारी बघतो तर अंधुक! दुकानात डोळे दिपत होते आणि घरी हे. परतच करणार होतो. मग सेटिंगमध्ये शिरलो तर पॉवर सेव्हिंग आधीपासून चालू. ते बंद केलं, दिवसा स्टँडर्ड मोड आणि बॅकलाइट फुल ठेवला. फिल्ममेकर मोडचं, म्हणजे सिनेमा बनवणाऱ्याने ठरवलेल्या रंगांतच दाखवणाऱ्या सेटिंगचं, लोक फार कौतुक करतात, ते रात्री दिवे घालवून बघायला ठीक, दुपारी त्याच्यात सगळे दिवंगत वाटतात.

त्यानंतर चित्र म्हणाल तर झकास. दुपारची मॅच पडदे उघडे ठेवून, बॉलची शिवण वगैरे दिसते क्लोजअपमध्ये. रात्री काळ्या सीनमध्ये पांढऱ्या सबटायटलभोवती थोडी धुरकट प्रभा दिसते, मिनी एलईडीत ती असतेच थोडीफार, मला चालते. केबलवरचे साधे एसडी चॅनेल मात्र एवढ्या मोठ्या स्क्रीनवर बघवत नाहीत, आईच्या मालिका आता ॲपवरच लावून देतो.

पण खरी गोम डिसेंबरात कळली. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि नैऋत्येकडे मावळतो, चार वाजता ऊन सोफ्यापर्यंत आत. कितीही नीट्स असू देत, उन्हाशी टीव्ही झुंजणार कसा. आणि बाबा बसतात दिवाणावर, डाव्या भिंतीला, तिथून रंग पांढुरके पडायचे कारण पॅनेल व्हीए आहे. एलईडी टीव्हीच्या पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. व्हीए समोरून काळा छान दाखवतो पण बाजूने गळपटतो, आयपीएसचं उलटं. हे मला दुकानात सुचलंच नाही, तिथे सगळेजण समोर उभे राहूनच बघतात.

शेवटी जानेवारीत फिक्स ब्रॅकेट काढून फिरता लावला, पदरचे पैसे घालून. आरशाचा साधा नियम आहे शाळेतला, आरसा 15 अंश फिरवला की प्रतिबिंबाची दिशा 30 अंश फिरते. टीव्ही दिवाणाकडे तेवढाच वळवला, बाबांना रंग नीट दिसायला लागले आणि सोफ्यावरून बाल्कनी टीव्हीबाहेर गेली. दोन्ही दुखणी एका ब्रॅकेटने गेली, आणि हे मी जुन्या टीव्हीलाही करू शकलो असतो, पण ते बायकोला सांगितलेलं नाही.

चार वाजता एका बाजूचा पडदा अजून ओढावा लागतो, बाकी मस्त. आता सोफ्यावरून टीव्हीत डोंगर दिसत नाही, पांढऱ्या बनियनमधले बाबा दिसतात.