अडीच टनी की पाच टनी? घरच्या हातांनी सांभाळायच्या लष्करी ट्रकची निवड

अमेरिकी लष्कराने मोडीत काढलेला ट्रक विकत घेऊन त्याची देखभाल स्वतःच करू पाहणाऱ्याच्या यादीत शेवटी बहुधा दोनच नावे उरतात. एक, अडीच टनी एम ३५ ए २ आणि दुसरे, पाच टनी एम ९२३ ए २. हे आकडे ट्रकच्या वजनाचे नसून आडरानातून त्याने किती माल वाहावा याचे आहेत. रिकामा असताना पहिला सुमारे सहा टन भरतो आणि दुसरा साडेनऊच्या आसपास. गेली सहा वर्षे टेक्सासमध्ये आमच्या जागेवर पहिला उभा आहे, शेजाऱ्याच्या शेतावर दुसरा आहे आणि दोन्हींच्या पोटाखाली मी पाठीवर पडून पुष्कळ शनिवार घालवले आहेत. लिलावाच्या जाहिरातींत अश्वशक्ती आणि किंमत यांवर भर असतो. माझ्या मते निवड ब्रेकवरून करावी, आणि त्यानंतर सुट्या भागांच्या वजनावरून.

एम ३५ ए २ चे ब्रेक हायड्रॉलिक असून हवेचा दाब त्यांना केवळ जोर पुरवतो. सहाही चाकांसाठी मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा पंप) मात्र एकच आणि सर्किटही एकच असल्यामुळे कुठेही एक रबरी नळी फुटली की पेडल फरशीला टेकते आणि सगळ्या चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. घेतल्यानंतर दुसऱ्या महिन्यात माझ्याच अंगणात हे घडले. ट्रक चालण्याच्या वेगात होता आणि हँडब्रेक नीट बसवलेला होता, एवढ्यावर निभावले. हा हँडब्रेक चाकांवर चालत नाही, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे जॉइंट शाफ्टवर बसवलेल्या ड्रमवर चालतो, त्यामुळे पेडल गेले तरी तो उरतो. खाली वाकून पाहिले तर पुढच्या डाव्या चाकाशी जांभळट थेंबांची माळ लागली होती. या ट्रकमध्ये सिलिकॉनचे ब्रेक ऑइल असते आणि त्याचा रंग जांभळा असतो. नळी वरून धडधाकट दिसत होती, वाकवल्यावर मात्र तिच्यावर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा उमटल्या. विकणाऱ्याने ब्रेक तपासल्याचे सांगितले होते. बहुधा त्याने पेडल एकदा दाबून पाहिले असावे.

म्हणून हा ट्रक घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्या रबरी नळ्या, मास्टर सिलिंडर आणि सहाही चाकांचे व्हील सिलिंडर नवे घालावेत, आणि तो खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा. शक्य असल्यास दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलिंडर बसवून घ्यावा, त्याचे तयार संच मिळतात. येथे आणखी एक अडचण येते. ड्रम हबच्या आतल्या अंगाला बसवलेला असल्यामुळे नेहमीच्या गाडीसारखा तो ओढून बाहेर येत नाही. आधी ॲक्सल शाफ्ट काढावा लागतो, मग तीन इंची सॉकेटने बेअरिंगचे दोन नट सोडवून हबसकट सगळा ऐवज उतरवावा लागतो. पहिल्या चाकाला माझा अख्खा दिवस गेला, सहाव्याला अडीच तास पुरले. हब काढलाच आहे तर सील आणि ग्रीसही बदलून घ्यावे, नाहीतर ॲक्सलमधल्या क्राऊन गिअरचे ऑइल ब्रेकच्या नव्या लायनरवर झिरपते आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

एम ९२३ ए २ चे ब्रेक पूर्णपणे हवेचे आहेत. हवा गेली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, म्हणजे बिघाड झाला तर ट्रक थांबतो. सार्वजनिक रस्त्यावर जायचे असेल तर हा फरक मला निर्णायक वाटतो. गळती शोधायला साबणाचे पाणी आणि ब्रश पुरतो. शेजाऱ्याच्या ट्रकवर आम्ही एका दुपारी चार जागी फेस पाहिला आणि त्यांपैकी तीन गळत्या केवळ जोड आवळून बंद झाल्या. घरी एकच गोष्ट करू नये, ती म्हणजे स्प्रिंग ब्रेकचा डबा उघडणे. आतली स्प्रिंग माणूस मारण्याइतकी ताणलेली असते. डबा अख्खाच बदलावा, आणि तोही बोल्ट लावून स्प्रिंग जखडल्यानंतरच. पण हा ट्रक ज्या मालिकेतला आहे तिच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. ओल्या रस्त्यावर चाके लॉक होऊन ट्रक घसरण्याच्या व उलटण्याच्या घटनांमुळे लष्कराने तिच्यावर ताशी ४० मैलांची मर्यादा घातली होती आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस एबीएस (ब्रेक दाबताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बसवण्याचे काम हाती घेतले होते. घेताना एबीएस बसवलेलाच नग पाहावा.

इंजिनाच्या बाबतीत पारडे वेगळ्या कारणाने झुकते. एम ३५ ए २ मध्ये कॉन्टिनेंटलचे ७.८ लिटरचे बहुइंधनी इंजिन असते, ताकद जेमतेम १३० ते १४० अश्वशक्ती. आपल्या वाचकांना यात एक ओळखीचा धागा सापडेल: शक्तिमान ट्रक ज्या जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनत असे, तिच्याच ज्वलनपद्धतीवर हे इंजिन बेतलेले आहे. ते डिझेलवर चालते, केरोसीनवर चालते, विमानाच्या इंधनावरही चालते, म्हणून गॅरेजमधले जळके ऑइल ओतण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण इंजेक्शन पंपाचे डोके अडकले की त्याचे भाग महाग पडतात आणि ते जाणणारे कारागीर दरवर्षी कमी होत आहेत. एम ९२३ ए २ मध्ये कमिन्सचे ८.३ लिटरचे, २४० अश्वशक्तीचे इंजिन आहे. १९६० च्या दशकापासून कोथरूडला कमिन्सची इंजिने बनत असल्याने पुणेकराला या नावाची वेगळी ओळख करून द्यायला नको. हेच इंजिन बसमध्ये आणि शेतीच्या यंत्रांतही वापरले गेल्यामुळे फिल्टरपासून गॅस्केटपर्यंत सगळे साध्या दुकानात मिळते. त्याउलट त्याचा ॲलिसन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी ऑइल आणि फिल्टर बदलण्यापुरताच आपला. आत बिघाड झाला तर वर्कशॉप गाठावेच लागते. अडीच टनीचा हाती गिअरबॉक्स मात्र धीर आणि चेनब्लॉक असलेल्या माणसाला घरी उतरवता येतो.

वजनाचा मुद्दा लोक विसरतात. अडीच टनीचे ९.००-२० मापाचे चाक एक माणूस टॉमीच्या आधाराने स्टडवर चढवू शकतो. पाच टनीचे १४.०० आर २० चे चाक दीडशे किलोंच्या वर जाते आणि एकट्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय त्यात चालत्या गाडीत टायरची हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा असते. नवी असताना ती फार सोयीची. तिची हबमधली सील म्हातारी झाली की तीच गळतीचे मूळ बनते. अडीच टनीच्या रिमवर लॉक रिंग (टायर जागी धरणारी पोलादी कडी) असते आणि हवा भरताना ती निसटली तर तोफगोळ्यासारखी उडते, म्हणून टायरचे काम पिंजरा असलेल्या दुकानातच द्यावे.

वायरिंग दोन्हींचे २४ व्होल्टचे, १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. सगळ्या वायर काळ्याच असतात, पण प्रत्येकीच्या टोकाला क्रमांक कोरलेली धातूची पट्टी असते आणि त्यामुळे नकाशा हाती असेल तर दोष शोधणे घरगुती गाडीपेक्षा सोपे जाते. रेडिओसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढू नयेत. ती बॅटरी आधी मरते आणि मागोमाग दुसरीलाही नेते. नकाशा लष्कराच्या तांत्रिक पुस्तिकांत आहे आणि त्या फुकट मिळतात: अडीच टनीसाठी टीएम ९-२३२०-३६१, पाच टनीसाठी टीएम ९-२३२०-२७२. शेवटी १० हा अंक असलेला भाग चालकासाठी आणि २० असलेला युनिटमधल्या फिटरसाठी असतो. आपल्याला सर्वाधिक उपयोग दुसऱ्याचा होतो.

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. भरलेल्या वजनाची २६,००१ पौंडांची जी रेषा व्यावसायिक परवान्यासाठी धरली जाते, ती पाच टनी ट्रक ओलांडतो, तेव्हा बोली लावण्याआधी आपल्या राज्यात खासगी मालकाला सूट आहे का, हे विचारून घ्यावे.

माझा ट्रक वर्षातून दोनशे मैलही जात नाही, लाकूड आणि पाण्याची टाकी ओढतो आणि फाटकाबाहेर क्वचितच पडतो. या कामाला अडीच टनी योग्य आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी मी तोच घेईन. ज्याला दर आठवड्याला हमरस्त्यावरून भार न्यायचा आहे, ज्याच्याकडे सिमेंटची जमीन, वीस टनी जॅक आणि हाताशी दुसरा माणूस आहे, त्याने गॅलनमागे मैल कमी मिळतील हे गृहीत धरून पाच टनी घ्यावा. लिलावाच्या आवारात अडीच टनी पाहताना पेडल पूर्ण मिनिटभर दाबून धरावे आणि ते हळूहळू खाली सरकते का ते पाहावे. पाच टनी पाहताना इंजिन बंद करून हवेच्या मीटरवर दहा मिनिटे नजर ठेवावी.