लोखंडी कूलर: होळी ते पोळा वापरून

यंदा नवा कूलर घेतला. पत्र्याचा, 18 इंची पंख्याचा, तालुक्याच्या गावी बनवून घेतलेला, तिन्ही बाजूंना वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक भुशासारख्या तारांच्या, ताट्या. होळीला लावला, आता पोळा झाला. लिहायला हरकत नाही.

एप्रिल-मेच्या थंडाव्याबद्दल तक्रार नाही. बाहेर 44-45 अंश, हवा कोरडीठाक. ताटीतलं पाणी उडतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच याचं तंत्र. त्यासाठी कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरचं दार थोडं उघडं, म्हणजे ओली हवा निघून जाते. हे मी आबाजींना रोज समजावतो आणि ते रोज उठून दार लावतात. "सारा गारवा जाते ना बाहीर!" मग तासाभरात अंग चिकचिकतं, आणि तेच म्हणतात, "दुकानदारानं फसवलं तुले."

खरा खर्च पाण्याचा. 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच वेळी नळाची पाळी लांबते आणि कूलरची तहान वाढते. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं, जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी घातलं की ताटीवर पांढरा थर चढतो, हवा अडते. म्हणून कूलर नळाचं गोडं पाणी पितो आणि आम्ही बोअरच्या खाऱ्या पाण्यानं आंघोळ करतो. साबणाला फेस येत नाही, पण कूलरची तब्येत उत्तम आहे.

आवाजाचं वेगळं सांगायला हवं. पंखा फुल केला की घरातलं प्रत्येक जण ओरडून बोलतं, आणि दोन दिवसांत ते कोणाला जाणवेनासं होतं. धोका लाइन जाण्याचा आहे. एका दुपारी वहिनी शेजारच्या लग्नाबद्दल सांगत होत्या. "त्यायच्या वांग्याच्या भाजीत" इथपर्यंत कूलर चालू होता. "मीठच नोतं!" हे गल्लीभर ऐकू गेलं. शेजारच्या काकू संध्याकाळी वाटीत मीठ घेऊन आल्या. हसतच आल्या, पण आल्या.

बाकी, कूलर नवा असला की ओळखी वाढतात. "काही नाही, असाच आल्तो" म्हणणारा माणूस बरोबर झोताच्या रेषेत बसतो, आणि चहा नको म्हणतो. चहा प्यायला तर उठावं लागेल, हे त्यालाही कळतं. रात्री झोपायच्या जागा मानाप्रमाणे: आबाजी झोतात, लेकरं त्यांच्या पायथ्याशी, आणि कूलरचे पैसे देणारा दाराजवळ, जिथं हवा नाही, डास आहेत.

अर्थिंग मात्र नीट करून घ्या. पत्रा ओला असतो, करंट उतरतो. पाणी भरताना बटण बंद करून पिन काढायचीच, यात गंमत नाही.

पाऊस लागल्यावर पंप बंद ठेवा. हवेतच ओल असते, पाणी उडत नाही, उलट अंथरूण दमट होतं. जुलैपासून आमचा कूलर नुसता मोठा पंखा आहे, आणि त्याच्या डोक्यावर तूरडाळीचा डबा, आबाजींचा चष्मा आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल.

घ्यावा का? घ्या, पाच पैकी चार. चाकांचा स्टँड मागून घ्या. एक गुण कापला तो पंपाचा: मेमध्येच जळला, आणि दुकानदार म्हणाला, "पंपाची गॅरंटी नसते भाऊ, कूलरची असते."