‘मधुमेहींसाठी खास’ फराळाचा डबा : चिवड्याला शाबासकी, लाडवाबद्दल तक्रार

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मी 31 वर्षं दिवाणजी होतो. शुगर निघून 12 वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत. यंदा दिवाळीला लेकीनं राजारामपुरीतून ‘मधुमेहींसाठी खास फराळ’ असं छापलेला एक किलोचा डबा आणला, 780 रुपयांना. दुकानाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. माणसं सरळ आहेत, चूक समजुतीची आहे.

चिवडा फार चांगला. पातळ पोह्यांचा, तेल बोटाला लागत नाही इतकं बेताचं, शेंगदाणे आणि डाळं सढळ हातानं, पिठीसाखरेचा कणही नाही. अर्धी वाटी खाल्ली. खाण्याआधी शुगर 121 होती, दोन तासांनी 149. पोहे म्हणजे शेवटी तांदूळच, तेव्हा वाटी मोजूनच घ्यायची. भाजणीची चकली खुसखुशीत, एका चकलीनं मला काही त्रास झाला नाही.

करंजीवर ‘साखर नाही’ असं लिहिलंय. चिठ्ठीवर बारीक अक्षरात माल्टिटॉल आहे, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ. त्यानं साखरेपेक्षा कमी, पण शुगर वाढतेच, आणि पारी मैद्याची. दोन करंज्या खाल्ल्या आणि रात्रभर पोट गुडगुडत राहिलं. माल्टिटॉल जास्त झालं की असं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

आता लाडू. बेसनाचा, ‘सेंद्रिय गुळातला’. फोडला तर आत गडद तपकिरी रंग, काकवीसारखा वास, दाताखाली गुळाची बारीक कणी. गूळ अस्सल होता. इतकी वर्षं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, फोडून, चाखून सौदे बघितलेत, तेवढं मला कळतं. चवीला लाडू उत्तमच. पण घरच्या काट्यावर एक लाडू 40 ग्रॅम भरला. दुकानात जाऊन प्रमाण विचारलं, तर एका लाडवात साधारण 15 ग्रॅम गूळ निघाला. म्हणजे तीन चमचे साखरच की! पाडव्याच्या सकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर एकच लाडू खाल्ला. आधी 128, दोन तासांनी 192. डॉक्टरांनी मला जेवणानंतर 180 च्या आत राहायला सांगितलंय.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, गुळाचं आहे, शुगरवाल्यांना चालतंय.” हेच वाक्य मला सहन होत नाही. कोल्हापुरी गुळाचा मला अभिमान आहे, 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही यार्डात पेढे वाटले होते. गुळात थोडं लोह असतं, खनिजं असतात, सगळं खरं. पण गूळ म्हणजे उसाचा आटवलेला रस, त्यात बहुतांश साखरच. दोन वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीला मी पहाटे गोळी घेतली. मग उटणं, अभ्यंगस्नान, अंबाबाईचं दर्शन, या सगळ्यात फराळाला नऊ वाजून गेले. हातपाय कापायला लागले, दरदरून घाम फुटला. आमच्या सौ.नी तोंडात गुळाचा मोठा खडा घातला, वर पाणी पाजलं, आणि पंधरा मिनिटांत मी सावरलो. घसरलेली शुगर जो गूळ इतक्या झटकन वर आणतो, तो एरवी ती वाढवणार नाही, असं कसं म्हणायचं? तेव्हापासून ती गोळी मी पहिल्या घासाबरोबरच घेतो, सण असो वा नसो.

मालकांपुढे लाडवाचं वजन आणि माझ्या मशीनवरचे आकडे ठेवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या आईलाही शुगर आहे, आणि तिला ते रोज हाच लाडू देत होते. ते ऐकून मलाच वाईट वाटलं. डब्यावरचं ‘मधुमेहींसाठी’ काढतो आणि एका लाडवात गूळ किती ते छापतो, असा शब्द त्यांनी दिलाय. लाडू सुपारीएवढे वळा, असंही मी सुचवलंय. घरी आम्ही आता तसेच वळतो, सणाला एक खाऊन मन भरतं.

चिवडा अर्धा किलो सुटा घेऊन आलोय. तुळशीच्या लग्नाला पुन्हा जाणार आहे, डब्यावरची चिठ्ठी बदलली असेल तर इथंच दुकानाचं नाव घालून लिहीन.