दुसऱ्या रविवारची बैठक : सहा वर्षांचा अनुभव

आमच्या शहरात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता मानसिक आजार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा एक गट बसतो. मी तिथं फेब्रुवारी 2019 पासून जातो. गटाचं नाव आणि पत्ता इथं लिहीत नाही. येणाऱ्यांतल्या दोघी-तिघींच्या सासरी त्या कुठं जातात ते माहीत नाही, आणि माझ्या लिहिण्यावरून ते कळायला नको. तुमच्याकडं असा गट आहे का, हे जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत किंवा 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइन नंबरवर विचारा. त्या नंबरबद्दल पुढं लिहितो.

मी एसटीत वाहक होतो, 32 वर्षं. 2016 साली धाकटा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेजला जायचा बंद झाला. खिडक्यांच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. पलीकडच्या गच्चीवरनं लोक माझ्याबद्दल बोलतात, म्हणायचा. वर्षभर आम्ही फिरलो, गाणगापूरला दोनदा जाऊन आलो. मग मानसोपचारतज्ज्ञ आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण पोरगं अंथरुणातनं उठेना. अकरा-अकरा वाजायचे, अंघोळ तीन-तीन दिवस नाही. मी पहाटे साडेचारला ड्युटीवर निघणारा माणूस. त्या काळात मी त्याला काय काय बोललो ते मला आज लिहवत नाही.

पहिल्या बैठकीत मी हेच गाऱ्हाणं मांडलं. शेजारी किराणा दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या बहिणीला चौदा वर्षं हाच आजार. त्या म्हणाल्या, "दादा, तो आळस नाही. आवाज ऐकू येणं हा जसा आजार, तसं काहीच करावंसं न वाटणं हाही आजारच. पहिल्याला गोळी लवकर लागू पडते, दुसऱ्याला तेवढी नाही पडत." डॉक्टरांनीही हे सांगितलं असेल. पण बाहेर चाळीस माणसं ताटकळत असताना पाच मिनिटांत बापाच्या डोक्यात काय शिरणार? बाईंनी एक सुचवलं : त्याला रोज एकच काम द्या, आणि ते झालं नाही तरी बोलू नका. आम्ही दुधाची पिशवी आणायचं काम दिलं. पहिल्या महिन्यात नऊ वेळा आणली. तेव्हापासून दूध तोच आणतो.

गटात 'पेशंट' म्हणत नाहीत. आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा शुभंकर. हे शब्द मराठीत आता बऱ्याच गटांत चालतात. सुरुवातीला मला ते जड वाटले होते. आता बायकोच्या तोंडीही बसलेत.

बैठक दोन तासांची, पंचवीस-तीस माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. फी नाही, चहासाठी दारात डबा ठेवलेला असतो. एक समाजसेविका येतात, पण बहुतेक बोलणं आमचंच. एक नियम कडक आहे : गोळ्यांचा सल्ला एकमेकांना द्यायचा नाही. 'आमच्याला ही लागू पडली, तुम्ही पण घ्या' असं कुणी सुरू केलं की तिथंच थांबवतात. मात्र डॉक्टरांनी दिलेला उपचार नीट कसा पार पाडायचा, यात मदत मिळते. क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियाची एक गोळी सुरू झाली की पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासून पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. गटातल्या दोन घरांनी एकच रिक्षा ठरवली आणि अठराही फेऱ्या पूर्ण केल्या.

कागदपत्रांतही गटाचा फार उपयोग झाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, हे मला ठाऊक नव्हतं. प्रमाणपत्रासाठी चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम. मुलगा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून नीट उत्तरं देणार, हे मला माहीत होतं. गटातल्या एका निवृत्त नर्सताईंनी आधीच सांगितलं, "महिनाभराची वही ठेवा. कधी उठला, कधी जेवला, कुणाशी बोलला." वहीमुळं खरी परिस्थिती दिसली आणि 40 टक्क्यांच्या वर प्रमाणपत्र मिळालं.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. 2022 च्या उन्हाळ्यात सरकारी ओपीडीत दोन महिने गोळ्या आल्याच नाहीत. बाहेरून घ्या, म्हणाले. ज्यांना घेणं परवडेना त्यांनी अर्धी-अर्धी घेऊन भागवलं. गटातली दोन माणसं त्यात पुन्हा आजारी पडली, एकाला भरती करावं लागलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. त्याच्या कलम 18 प्रमाणे सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. नर्सताईंनी कलम वाचून दाखवलं, मी अर्ज लिहिला, 22 सह्या झाल्या. साहेबांसमोर अर्ज वाचला तो एका शुभार्थीनं, हात थरथरत होता तरी शेवटच्या ओळीपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या आल्या. तेव्हापासून दर महिन्याला आमच्यातलं कुणीतरी जाऊन साठा विचारून येतं.

तसंच एकदा खेड्यातनं एक शेतकरी आला. भाऊ गोठ्यात साखळीनं बांधलेला होता. तो रडत सांगत होता, "विहिरीकडं पळतो हो, काय करू?" त्याला कुणी दोष दिला नाही. त्याच कायद्याच्या कलम 95 प्रमाणे साखळीनं बांधून ठेवायला बंदी आहे, हेही सांगितलं. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला, मानसिक आजार असलेल्यांना ठेवत तिथं, आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळूच शकली नाहीत, 28 जण गेले, हे नर्सताई बोलल्या तेव्हा हॉल गप्प झाला. दुसऱ्या दिवशी आमच्यातले दोघं जीप घेऊन त्यांच्या गावी गेले आणि भावाला दवाखान्यात घेऊन आले. नुसता कायदा सांगितला असता तर तो माणूस तसाच घरी परत गेला असता.

गट महिन्यातनं एकदाच, आणि आजार काही रविवार बघून येत नाही. त्यासाठी 14416. टेलिमानस म्हणतात, केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलं, चोवीस तास, फुकट, मराठीत. 2023 च्या विसर्जनाच्या रात्री डीजेच्या आवाजानं मुलगा इतका घाबरला की माळ्यावर चढून बसला. मी दीड वाजता फोन लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, त्याच्याजवळ धारदार काही आहे का, जवळ कोण आहे, गोळ्या चालू आहेत का. मग म्हणाल्या, फोन त्याच्याकडं द्या. वीस मिनिटं बोलल्या. तो खाली आला. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः फोन करून विचारपूस केली. नंबर आमच्या फ्रिजवर लिहून ठेवलाय, तुम्हीही ठेवा.

गटाच्या उणिवाही लिहितो, कारण तिथं जाऊनच त्या सुधारतील. पुरुष फार बोलतात, त्यांतला मीही एक. सुना आणि बायका गप्प बसून ऐकतात, आणि खरं दुखणं जिन्यात एकमेकींना सांगतात. त्यांची वेगळी बैठक हवी. दुसरं मुलानं दाखवून दिलं. एकदा घरी येताना रिक्षात म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळे माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलता. मी तिथं नसल्यासारखं." मी पुढच्या बैठकीत हे जसंच्या तसं सांगितलं. आता पहिला अर्धा तास शुभार्थींचा, शुभंकरांनी फक्त ऐकायचं. मला हा अर्धा तास जड जातो. तो काही सांगताना अडखळला की मधे बोलावंसं वाटतं. हात मांडीखाली घेऊन बसतो.

आणि हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक आजी पन्नाशीच्या मुलाला घेऊन येतात. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून मुलगा वर येतो आणि त्या खाली पायरीवर बसतात. तळमजल्यावरची खोली मिळावी म्हणून आमचा अर्ज गेलाय, अजून उत्तर नाही. तोवर आजींचा चहा आम्ही खाली नेऊन देतो, आणि आमच्यातलं एकजण बैठक सोडून त्यांच्याजवळ बसतं.