कोपर्निकस ब्राउझर : कन्नड घाटातील दरडी आकाशातून पाहताना

३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि खाली आमच्या चाळीसगावात तितूर-डोंगरीला पूर आला. घाटाचा उतार नेमका कुठे आणि किती सुटला, हे रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून मी युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे विनामूल्य दाखवणारे कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ वापरू लागलो.

सेंटिनेल-२ च्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील १० मीटर बाय १० मीटर, आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. त्यामुळे रस्ता अडवणारा एकटादुकटा धोंडा यात दिसणार नाही, पण अख्खा उतार खरवडला गेला असेल तर तो लपत नाही. उन्हाळ्यातील चित्रांच्या नादी मात्र लागू नये. साग-सालईची पाने झडली की सगळा डोंगरच उघडा दिसतो आणि जुना कडा कोणता, ताजी दरड कोणती हे कळत नाही. ऑक्टोबर २०२० आणि ऑक्टोबर २०२१ अशी एकाच महिन्याची दोन चित्रे एकमेकांवर ठेवून मधली पट्टी सरकवावी. अवरक्त किरणांच्या रंगसंगतीत हिरवी झाडी लालभडक दिसते आणि त्या लालीत नव्याने उघडी पडलेली माती करड्या ओरखड्यासारखी उठून येते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

भर पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे निरुपयोगी ठरतात. सेंटिनेल-१ चे रडार ढगांआडूनही पाहते, परंतु ते तिरके पाहत असल्याने घाटाचे उभे कडे चित्रात एकमेकांवर दुमडतात किंवा सावलीत जातात. पुराचे पाणी किती पसरले हे पाहण्यास ते अधिक उपयोगी आहे. दरड कोसळण्याची पूर्वसूचना यातून मिळेल, अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये, कारण उपग्रह काही दिवसांनी येतो आणि उतार काही क्षणांत सुटतो.

मराठीची सोय नाही, ही उणीव मला मनापासून खटकते. घाटाखालच्या ग्रामपंचायतींना हे साधन त्यांच्या भाषेत मिळायला हवे. चित्रावर दिसलेली प्रत्येक जागा प्रत्यक्ष जाऊन तपासावी लागते, हेही त्यांना सांगायला हवे. मी दरड म्हणून नोंदवलेला एक ओरखडा, वर जाऊन पाहिल्यावर, रस्त्याच्या दुरुस्तीसाठी पसरलेला मुरूम निघाला.